झाडाला पानं नाहीत म्हणजे चित्र उदास, असं नसतं

बेटा, तुझा प्रश्न दोनदा वाचला, फोटो तर किती वेळा मोठा करून पाहिला ते सांगता येत नाही. बाकीच्यांना समजावं म्हणून आधी प्रश्न थोडक्यात लिहितो. तुझे आबाजी जंगलखात्यात नाकेदार, म्हणजे फॉरेस्ट गार्ड होते, ते जाऊन वर्ष झालं, आणि आता त्यांच्या लोखंडी पेटीत एका छापील फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काढलेलं झाडांचं चित्र सापडलं. माणूस नाही, जनावर नाही, उजवीकडे एक मोठं ओकंबोकं झाड, त्याच्या खोडात ढोली, मागे पाच-सहा सरळसोट झाडं, डावीकडे एक गच्च पानांचं झाड, अन् सगळ्यांच्या मागे टेकडी. घरचे म्हणून राहिले की पाहा किती उदास चित्र आहे, आतून किती एकटे होते ते. आणि तू कुठंतरी वाचलं की बिनपानाचं झाड म्हणजे डिप्रेशन आणि खोडातलं भोक म्हणजे मनातला जुना घाव. हे खरं का, आणि असं चित्र वाचायचं कसं, असं तू विचारलं.

मी ३१ वर्षं ड्रॉइंग शिकवलं, वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षांना पोरं बसवली, हजारो झाडं तपासली असतील कागदावरची. त्यावरून माझं सरळ म्हणणं असं आहे की झाडाचं चित्र हातात आलं की अर्थ काय हे सगळ्यात शेवटी विचारायचं. आधी पाहायचं की झाड कोणतं, महिना कोणता, ऊन कुठून येऊन राहिलं, काढणारा कुठं बसला होता अन् त्याच्या हातात काय होतं. एवढं पाहून झालं की अर्थ बराचसा आपोआप समोर येतो, आणि जो येत नाही तो आपण आपल्या मनानं भरू नये, निदान गेलेल्या माणसाच्या बाबतीत तर नाहीच.

आता ओकंबोकं झाड घे. ज्या मुलखात हिवाळ्यात बर्फ पडतो तिथं बिनपानाचं झाड म्हणजे थंडी, अंधार, मरणकळा असं त्यांच्या मनात बसलेलं आहे, त्यांचं बरोबरच आहे. पण आपल्याकडे झाड ओकं होतं ते माघ-फाल्गुनात, म्हणजे होळीच्या आसपास, अन् तेव्हा काय असतं? पळस ओका होतो तो फुलायला, मोह ओका होतो तो फुलायला. गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचार, मोहाची पानं झडायला लागली की ती हळहळत नाही, फुलं वेचायच्या टोपल्या नीट करायला घेते. त्यामुळे विदर्भातल्या माणसानं काढलेलं बिनपानाचं झाड पाहून लगेच दुःख म्हणणं हे मला पटत नाही, ते दुसऱ्याच्या मुलखातला अर्थ आपल्या वावरात पेरल्यासारखं आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, चुकून शिकलो. नोकरीच्या सुरवातीच्या वर्षांत सातवीतल्या एका मुलानं निसर्गचित्रात एक लिंबाचं झाड काढलं, अर्धं हिरवं अन् अर्धं काळं ठिक्कर, काळ्या बाजूला एक पान नाही. मी घाबरलो, मला वाटलं घरी काही मारझोड चालू आहे, मी त्याच्या बापाला शाळेत बोलावलं आणि बरंच काही विचारून बसलो. तो माणूस बिचारा गोंधळला. संध्याकाळी मी त्यांच्या वावरात गेलो तं धुऱ्यावर तेच झाड, कारण त्यांनी पऱ्हाट्यांचा ढीग झाडाजवळ पेटवला होता अन् एका अंगानं लिंब होरपळला होता. पोरानं जसं होतं तसं काढलं होतं, एक फांदीसुद्धा इकडची तिकडे नाही. वर्गातलं सगळ्यात खरं चित्र होतं ते आणि मी त्यात रोग शोधत होतो. त्या बापाची माफी मागितली, पण ती गोष्ट अजून मनात टोचते.

तू जे वाचलं ते बहुतेक झाडाच्या टेस्टबद्दल असेल. कार्ल कोख नावाच्या स्विस मानसतज्ज्ञाचं यावरचं पुस्तक १९४९ मध्ये आलं, आणि त्याच्या एक वर्ष आधी, १९४८ मध्ये, अमेरिकेत जॉन बक यांनी घर-झाड-माणूस अशी टेस्ट मांडली. खोडावरच्या खुणेची उंची मोजून घाव कोणत्या वयातला ते काढायची रीतही त्यातूनच निघाली. या टेस्टवर मानसशास्त्रातच खूप वाद आहेत, पण तो वाद बाजूला ठेव. एक साधी गोष्ट पाहा, कोखच्या टेस्टमध्ये माणसाला कोरा कागद देतात अन् म्हणतात एक फळझाड काढ, म्हणजे मनातलं झाड. समोर झाड नसतं. बकच्या टेस्टमध्ये तं चित्र झाल्यावर माणसाला बसवून प्रश्न विचारतात. तुझ्या आबाजींनी समोर बसून, पाहून काढलेलं झाड आहे आणि विचारायला ते आता नाहीत. मग ती फूटपट्टी इथं लावायचीच कशी? समोरच्या झाडाला ढोली होती म्हणून चित्रात ढोली आहे. जुन्या मोहाला, जुन्या चिंचेला ढोली असतेच, त्यात पिंगळा राहतो, पोपट राहतात, आणि नाकेदाराला आपल्या बीटमधली कोणती ढोली कोणाची हे तोंडपाठ असतं.

पाहून काढलं हे कशावरून म्हणतो, तं दोन गोष्टी आहेत. एक, मोठ्या झाडाच्या खोडाच्या डाव्या बाजूला फोटोत एक पुसट रेघ दिसते, खोडाला समांतर, साधारण बोटभर अंतरावर. ती पुसलेली जुनी रेघ आहे. आधी खोड तिथं काढलं, मग वाटलं की नाही, अजून उजवीकडे पाहिजे, म्हणून सरकवलं. मनातलं झाड कोणी असं सरकवत नाही, ते जिथं उमटलं तिथं बरोबरच वाटतं. दुसरी गोष्ट फांद्यांची. मनानं काढणारे लोक खोडापासून टोकापर्यंत फांदी एकाच जाडीची काढतात, हरणाच्या शिंगांसारखी, नाहीतर वर फुलकोबी बसवतात. लिओनार्दो दा विंचीनं लिहून ठेवलं आहे की झाडाच्या कोणत्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या तर त्यांची जाडी खोडाएवढी भरते. मी पोरांना हे सुतळीचे तुकडे घेऊन दाखवायचो, २० पदरांची दोरी उकलली की १०-१०, मग ५-५, जितकं फाटत जाईल तितकं बारीक होत जाईल. तुझ्या चित्रातला मोठा फाटा पाहा, दोन फांद्या झाल्या की दोन्ही बरोबर तेवढ्या उतरल्या आहेत. आबाजी लिओनार्दो वाचायला गेले नसतील, पण ३०-४० वर्षं झाडाभोवती टेप गुंडाळून गोलाई मोजणाऱ्या माणसाच्या हातात ते असतंच.

आता हातात काय होतं त्याबद्दल. कागद उन्हाकडे तिरपा धर आणि काळ्या भागावर नजर टाक. चमक मारली तं पेन्सिल, मारली नाही तं कोळसा. फोटोवरून मला पेन्सिलच वाटते आणि तीही एचबी, ऑफिसातली. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट आणि माती असते, कमी-जास्त माती घालून मऊ-कडक शिसं करायची रीत कोन्ते नावाच्या फ्रेंच माणसानं १७९५ मध्ये काढली, त्यातूनच पुढे आपल्या या मऊ बी अन् कडक एचच्या पेन्सिली आल्या. ड्रॉइंगवाला माणूस ६बी घेतो तेव्हा त्याला काळं काजळासारखं मिळतं, एचबीनं कितीही घासलं तरी राखाडीच राहतं, कागदाला खड्डा पडतो पण काळं होत नाही. कागद पालथा करून बोट फिरव, ढोलीच्या जागी उठाव लागेल बघ. म्हणजे आबाजींना तिथं अजून गडद पाहिजे होतं, पेन्सिल देत नव्हती म्हणून ते जोर लावत गेले. त्यात भर म्हणजे चित्र इतकी वर्षं पेटीत कपड्यांखाली घासलं, शिसं पसरलं, पांढरं होतं तेही मळकट झालं. घरच्यांना जो उदासपणा दिसून राहिला त्यातला निम्मा तं एचबी पेन्सिल अन् पेटीचा आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणखी एक विचारायचं होतं, आबाजी डावखुरे होते का? टेकडीच्या अंगावर ज्या तिरप्या रेघा मारल्या आहेत त्या डावीकडे वर सुरू होतात अन् उजवीकडे खाली उतरतात. उजव्या हाताच्या माणसाच्या रेघा सहसा उलट पडतात, डावीकडून खालून उजवीकडे वर. लिओनार्दो डावखुरा, त्याच्या रेघा तशाच डावीकडून खाली उतरणाऱ्या असतात आणि जाणकार लोक त्यावरून त्याचं खरं चित्र अन् शिष्याचं चित्र वेगळं करतात. आजीला विचार. आबाजी उजव्या हातानं लिहीत असतील तं मग हे चित्र दुसऱ्या कोणी काढलेलं असू शकतं हेही मनात ठेव, पेटीत सापडलं म्हणजे त्यांनीच काढलं असं होत नाही. आणि फॉर्मच्या छापील बाजूवर कोपऱ्यात बारीक अक्षरात छपाईचं साल असतं बहुतेक वेळा, ते पाहा, चित्र त्याच्या आधीचं असूच शकत नाही.

आता उन्हाकडे येऊ, मला यातच सगळ्यात जास्त मजा येते. काळ्यापांढऱ्या चित्रात रंग नसतो म्हणून लोकांना वाटतं की माहिती कमी आहे, पण सावली तं पूर्ण असते, आणि सावली वेळ सांगते. आपल्या भागात मे महिन्याच्या शेवटी, नागपूरला २६ मेच्या आसपास, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा खांबाची सावली खांबाच्या पायातच गडप होते, झाडाची नुसती बुडाशी गोळा होते. तेच डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी १२ वाजतासुद्धा सावली जवळपास झाडाच्या उंचीएवढी असते आणि उत्तरेकडे पडते. तुझ्या चित्रात मागच्या सरळ झाडांच्या सावल्या लांबच लांब, डावीकडे गेल्या आहेत, कागदाच्या बाहेर. म्हणजे सूर्य खाली आहे, सकाळ तरी नाहीतर संध्याकाळ. कोणती? तू लिहिलं की टेकडी ओळखू येते, ती तुमच्या गावाच्या उत्तरेला आहे. मग काढणारा उत्तरेकडे तोंड करून बसला होता, त्याच्या डाव्या हाताला पश्चिम. सावली पश्चिमेकडे म्हणजे सूर्य पूर्वेला. सकाळची वेळ आहे बेटा, फार तं उजाडून तासभर झाला असेल.

आणि आता ते मोठं झाड. तू लिहिलं की त्याच्या बुडाशी खूप काळं केलं आहे, जसं काही झाड अंधारात उभं आहे. मी आधी सावलीच समजलो होतो. पण मग मागच्या झाडांशी ताडून पाहिलं, त्यांच्या सावल्या लांब अन् डावीकडे, आणि याचं काळं मात्र गोल, खोडाच्या चारही बाजूंनी सारखं, कडा अगदी स्पष्ट, ताटासारखी. एका चित्रात दोन सूर्य नसतात, म्हणजे ती सावली नाही. ती जमीनच काळी आहे. मोहाखालची जमीन आहे ती. फुलं पडायच्या आधी लोक मोहाखालचा पालापाचोळा झाडून गोळा करतात नाहीतर तिथंच पेटवून देतात, म्हणजे पहाटे पडलेली पांढरट-पिवळी फुलं काळ्या जमिनीवर लखलखीत दिसतात अन् वेचायला सोपं जातं. आता फोटो पुन्हा मोठा कर आणि त्या काळ्या गोलात पाहा, बारीक बारीक पांढरे ठिपके सोडले आहेत. मला आधी कागदाचे डाग वाटले, पण ते फक्त गोलातच आहेत, बाहेर एकही नाही. आणि ओक्या फांद्यांची टोकं पाहा, ती टोकदार नाहीत, प्रत्येक टोकाला गुंता आहे, छोट्या छोट्या गोल रेघांचा झुबका. मोहाचं फूल फांदीच्या टोकालाच झुबक्यानं येतं.

म्हणजे घरचे ज्याला सुकलेलं झाड म्हणून राहिले ते फुलावर आलेलं मोहाचं झाड आहे, मार्च-एप्रिलची सकाळ आहे अन् खाली फुलं सांडली आहेत. डावीकडचं गच्च झाड आंब्याचं किंवा चिंचेचं असावं, ते फाल्गुनातही पानं धरून असतं, त्यानंही महिना जुळतो. हे लिहिताना मला स्वतःला भरून आलं, कारण इतक्या वेळा पाहूनही मला ते दिसलं नव्हतं.

नाकेदारासाठी हा काळा गोल साधी गोष्ट नसते हेही समजून घे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे जंगलातल्या आगीचा हंगाम, त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेले पट्टे, काढून घ्यायच्या अन् मग चार महिने डोळ्यात तेल घालून बसायचं, आणि मोहाखाली लावलेला जाळ वाऱ्यानं पसरला की अख्खा डोंगर पेटतो. ज्यांनी तो गोल जाळला ते आबाजींच्याच गावचे लोक, कदाचित घरचेही. त्यांना नाही म्हणायचं तरी कसं अन् होकार द्यायचा तरी कसा. पण पाहा, आबाजींनी काढलेला गोल नीट आहे, कडा स्पष्ट आहे, जाळ बाहेर गेलेला नाही. मला वाटतं म्हणूनच त्यांनी ती कड एवढी काळजीनं काढली असेल. हा माझा अंदाज आहे, एवढंच म्हणू शकतो.

मागची सरळ झाडं सागाची आहेत, त्यात शंका नाही, इतकं सरळ खोड दुसरं कोणाचं नसतं इकडे. त्यातल्या तीन झाडांवर छातीच्या उंचीला एक-एक चौकोनी कोरी जागा सोडली आहे. तू म्हणशील राहून गेली असेल, पण तिन्ही एकाच उंचीवर राहून जात नाही. ते मार्किंग असावं, साल तासून त्यावर हातोडा अन् नंबर मारतात ते, कुपातली, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यातली, तोडायची झाडं. जंगलखातं झाडाची गोलाई १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजतं, तीच छातीची उंची. म्हणजे मागे उभे साग त्यातले तीन जाणारे, आणि पुढचा मोह, ज्याला खूण नाही, राहणारा. आणि खोड सरकवल्याची ती पुसट रेघ आठव. ते जुन्या जागी राहिलं असतं तं खुणेचा एक साग बरोबर त्याच्या आड गेला असता. मोह उजवीकडे नेला म्हणून तिन्ही साग उघडे दिसतात. इथं मात्र मी म्हणतो की आबाजींना काहीतरी सांगायचं होतं, कारण इथं त्यांनी निवड केली. निवड दिसली तिथं अर्थ शोधायचा, नुसत्या फांद्या ओक्या आहेत म्हणून नाही.

मोठ्या लोकांच्या चित्रातही हेच आहे. रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं तीन झाडांचं एक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, आहे १६४३ चं, सगळं काळ्या शाईतलं, एका बाजूला पावसाच्या सरी आणि उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडं गडद उभी. पहिल्या नजरेत वादळ आणि झाडं, बस. भिंग घेऊन पाहिलं की डावीकडे पाण्याजवळ मासे धरणारा माणूस दिसतो, उजवीकडे खाली झुडपात एक जोडपं लपून बसलेलं, टेकाडावर कोणीतरी चित्र काढत बसलेला. ज्यानं भिंग लावलं नाही तो म्हणेल ओसाड चित्र आहे. तुझ्या चित्रात मोहाच्या बुडाशी डाव्या हाताला एक लांबट गोल आकार आहे, तू दगड लिहिलं. मला टोपली वाटून राहिली पण फोटोत नीट दिसत नाही. भिंग लावून पाहा, दगड असेल तं त्याचा तळ जमिनीत बसलेला असतो, रेघ तिथं विरते, टोपली असेल तं खाली सावलीची बारीक वेगळी रेघ असते अन् काठ वरून उघडा दिसतो. टोपली निघाली तं या चित्रात माणूस नाही असं म्हणता येणार नाही, तो फक्त कागदाबाहेर आहे.

झाडात भावना नसतेच असं माझं म्हणणं नाही हं. व्हॅन गॉगनं १८८२ मध्ये हेगला असताना वाळूत अर्ध्या उघड्या पडलेल्या मुळांचं चित्र काढलं, आणि भावाला पत्रात स्वतः कळवलं की एका दुःखी बाईच्या चित्रात जगण्याची जी ओढाताण दाखवायची होती तीच या मुळांत दाखवायचा प्रयत्न केला. तिथं आपण बिनधास्त म्हणू शकतो, कारण काढणाऱ्यानंच सांगितलं. आबाजींची डायरी, पत्र, रोजनिशी काही असेल तं नक्की शोध, नाकेदाराला दैनंदिनी लिहावीच लागते, मार्चची पानं पाहा.

कोऱ्या जागेबद्दल लिहायचं राहिलं. तू विचारलं होतं की टेकडी आणि झाडांच्या मध्ये एवढं रिकामं का सोडलं, अपुरं राहिलं का. मला नाही वाटत. दूरची वस्तू हवेमुळे, धुळीमुळे फिकट होत जाते, सकाळी तं टेकडीचा पायथा कित्येकदा दिसतच नाही, नुसता माथा तरंगतो. सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानात हासेगावा तोहाकू नावाच्या चित्रकारानं पाइनच्या झाडांचे दोन पडदे रंगवले, फक्त काळी शाई, सहा-सहा पानांचे, आणि त्यातला बहुतेक कागद कोरा आहे. पण ते पाहताना कोणाला कोरं वाटत नाही, धुकं वाटतं, कारण झाडं कुठं गडद कुठं पुसट होत त्यात शिरतात. टोकिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत ते पडदे, मोबाईलवर पाहून घे. कोरी जागा अपुरी की मुद्दाम सोडलेली हे कडेवरून कळतं, रेघ अचानक तुटली असेल तं उठून गेला माणूस, रेघ हलकी होत होत संपली असेल तं त्यानं सोडली आहे. तुझ्या चित्रात टेकडीची रेघ खाली येता येता विरते.

एकाच रंगात झाड कसं दिसतं हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तं सेवाग्रामला जा, तुला नागपूरहून दीड-दोन तास लागतील. गांधीजींच्या बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननं मातीनंच उठाव देऊन ताडासारखी झाडं आणि चरखा काढला आहे. रंग एकच, भिंतीचा. उजेड बाजूनं आला की झाड उठून येतं, समोरून आला की भिंतीत विरतं. मी दरवर्षी पोरांना तिथं न्यायचो अन् काही न सांगता दहा मिनिटं उभं करायचो.

घरी एक करून पाहा. फाल्गुनात फुललेल्या पळसाचा मोबाईलनं फोटो काढ आणि तो ब्लॅक अँड व्हाईट कर. एवढा भगवा जाळ, पण आभाळासमोर असेल तं तो काळपट दिसेल, आणि मागे दाट झाडी असेल तं उजळ दिसेल, फूल तेच. तेव्हा राखाडी पाहून 'इथं काही नव्हतं' असं म्हणायचं नाही, तिथं काय असेल ते शेजारच्या छटेवरून ओळखायचं. डोळे अर्धवट मिटून पाहायची सवय लाव, बारीकसारीक जातं अन् मोठे काळे-पांढरे तुकडे उरतात, तुझ्या चित्रात मग फक्त दोन गोष्टी उरतात, तो काळा गोल आणि ढोली. काढणाऱ्याचं लक्ष कुठं होतं ते समजायला एवढं पुरे आहे.

चित्र जपायचं तं लॅमिनेशन अजिबात करू नको, लोक प्रेमानं करतात अन् चित्राचं कायमचं नुकसान होतं. टेप लावू नको, खोडरबर फिरवू नको, मळकट झालेलं तसंच राहू दे. वरून बटर पेपर ठेवून दोन जाड पुठ्ठ्यांत सपाट ठेव, पेटीत कपड्यांसोबत नाही. फ्रेम केलीच तं काच चित्राला टेकू देऊ नको, मध्ये माउंट पाहिजे, आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नको. तपकिरी ठिपके आहेत ते ओलीमुळे येतात, पावसाळ्यात जागा कोरडी पाहा.

आणि घरच्यांशी भांडू नको यावरून. ते त्यांच्या आठवणीतून पाहून राहिले, त्यांनी आबाजींचे शेवटचे दिवस पाहिले आहेत, मी नाही पाहिले, ते एकटे असतीलही. पण या चित्रातली सकाळ त्या दिवसांची आहे असं कागद तरी सांगत नाही. आजीजवळ बस, तिला अर्थ विचारू नको, एवढंच विचार की गावाच्या उत्तरेकडे टेकडीखाली ढोलीचा मोह कोणाच्या धुऱ्यावर होता अन् तिथं कोण वेचायला जायचं. ती सांगेल. मग मार्चमध्ये सुट्टी काढून उजाडायच्या आधी तिथं जा, टेकडी चित्रातल्यासारखी दिसेपर्यंत मागे-पुढे सरक, म्हणजे आबाजी बसले ती जागा सापडेल. झाड उभं असेल तं ढोली जमिनीपासून किती उंच आहे ते टेपनं मोज आणि खोडाची गोलाई साडेचार फुटांवर घे, दोन्ही आकडे मला कळव, मी चित्रावरून ताडून सांगतो की तेच झाड आहे का.